गुडघ्याचं औषध

सव्विसाव्या वर्षी माझे केस जायला लागले आणि आमच्या घरात त्याचा ठपका परभणीला राहणाऱ्या वसंतामामावर ठेवण्यात आला.

मामाचा यात एवढाच हात होता, की त्याला टक्कल होतं. चांगलं प्रशस्त, या कानापासून त्या कानापर्यंत. दिवाळीला तो आमच्या हैदराबादेतल्या नल्लकुंट्याच्या घरी आला, की अण्णा, म्हणजे माझे वडील, एकदा त्याच्या डोक्याकडे आणि एकदा माझ्या डोक्याकडे बघून सुस्कारा सोडायचे. अण्णा पस्तीस वर्षं शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले. त्यांच्या सुस्काऱ्यातसुद्धा 'म्हणून सिद्ध झाले' असं ऐकू यायचं.

"केस आजोळामुळे येतात," ते म्हणायचे, "आणि आजोळामुळेच जातात. आमच्या घराण्यात हा प्रकार नाही."

हे म्हणताना ते खिशातून छोटा कंगवा काढायचे. साठी उलटली तरी त्यांचे केस असे दाट, की कंगवा अर्ध्या वाटेत अडकायचा. तो ओढून काढताना त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरायचं, ते मी बीएस्सी झालो तेव्हाही पसरलं नव्हतं. घराण्याचा पुरावा म्हणून भिंतीवर आजोबा होतेच. निजामाच्या राज्यातले तहसीलदार. फोटोत गळ्यापर्यंत बटणं लावलेली शेरवानी, झुपकेदार मिशा आणि डोक्यावर उंच रुमी टोपी. मी जन्मायच्या आधीच ते गेले होते. "मिशा बघ," अण्णा म्हणायचे, "यावरून बाकीचा अंदाज येतो." गणिताच्या माणसाने अंदाजावर एवढी इमारत उभी करावी, हे मला तेव्हाही जरा खटकायचं.

 आई भाजी चिरत असली तर विळीचा आवाज वाढायचा.

तो काळ नव्वदीच्या सुरुवातीचा. बाजार नुकताच उघडला होता. कोपऱ्याकोपऱ्यावर एसटीडीचे बूथ निघाले होते, गच्च्यांवरून केबलच्या वायरी लोंबायला लागल्या होत्या, आणि किराण्याच्या दुकानात शांपूच्या पुड्यांच्या माळा देवाला घालतात तशा टांगलेल्या असायच्या. दिलसुखनगरला तर दर दोन दुकानांआड कॉम्प्युटर शिकवणारी संस्था. अशाच एका संस्थेत, एका इमारतीच्या तळघरात, मी अमेरिकेला जाऊ इच्छिणाऱ्या पोरांना कॉम्प्युटरच्या भाषा शिकवत होतो.

केस जातायत हे मला तिथेच कळलं. एके दिवशी मागच्या बाकावरचा एक विद्यार्थी अदबीनं म्हणाला, "सर, बोर्डावर चमक येतेय, दिसत नाही." मी ट्यूबलाइट चुकवून बोर्ड थोडा फिरवला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच तक्रार. मी शिपायाला सांगून ट्यूबच दोन फूट सरकवली. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, "सर, बोर्ड ठीक आहे. तुम्ही जरा बाजूला व्हा." सगळा वर्ग हसला. पहिल्या बाकावरच्या मुलीनं तर वहीत तोंड घातलं. मी तीन दिवस बोर्डाला दोष देत होतो, याबद्दल मला आजही त्या बोर्डाची माफी मागावीशी वाटते.

घरी ही गोष्ट सांगितली आणि गल्लीतल्या प्रत्येकाला कारण सापडलं. खालच्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, दिलसुखनगरचं बोअरचं पाणी. समोरचे रेड्डीगारू म्हणाले, हेल्मेट. (माझ्याकडे सायकल होती.) दूधवाला म्हणाला, कॉम्प्युटरची गरमी डोक्यात चढते, त्यानं खालून मुळं शिजतात. शांपूच्या पुडीवर सगळ्यांचं एकमत होतं. मी पुडी सोडली, शिकेकाई धरली. एरंडेल झालं, मेथीचा लेप झाला, कांद्याचा रस झाला. कांद्याच्या रसाच्या आठवड्यात तळघरात माझ्या जवळ येऊन शंका विचारणारे विद्यार्थी एकदम कमी झाले. केस मात्र आपल्या गतीनं जातच राहिले. कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांतून आत आणि टाळूवरून बाहेर, अशी दोन्हीकडून मोजणी चालल्यासारखी.

त्यातच माझ्यासाठी मुली बघायला सुरुवात झाली. पहिल्या स्थळाकडून फोटो परत आला. दुसऱ्याकडून पत्र आलं, की मुलगा छान आहे, पण 'वयाचं खरं काय ते कळवावं.' अण्णांनी ते पत्र मोठ्यानं वाचलं आणि चष्म्यावरून आईकडे बघितलं.

"वसंताचे उपकार," ते म्हणाले.

त्या दिवशी विळीचाही आवाज आला नाही. आई उठून आत गेली. तेव्हा मी ठरवलं, की आता घरगुती पुरे. खराखुरा डॉक्टर गाठायचा.

कोठीला एक कातडीच्या डॉक्टर बाई बसायच्या. पण कोठी म्हणजे पंचाईत. निम्मं हैदराबाद तिथे पुस्तकं घ्यायला येतं आणि उरलेलं कपडे घ्यायला. ओळखीचं कोणी बघितलं तर संध्याकाळपर्यंत आमच्या समाजात बातमी, की मुलाला कातडीचा रोग आहे. म्हणून मी घरी सांगितलं की जादा बॅच आहे, आणि दवाखान्यात नाव दिलं वेंकटेश्वर राव. अशा नावाचे तिथे आणखी पाच जण सहज निघतील, हा माझा हिशेब.

बाकावर बसून मी एक मासिक तोंडासमोर धरलं. तासाभरानं कंपाउंडर ओरडला, "वेंकटेश्वर राव!"

कोणी उठलं नाही.

"वेंकटेश्वर राव कौन है?"

मी मासिक खाली करून इकडे तिकडे बघितलं. कोण हा गाढव, मनात म्हटलं, नंबर लावून झोपा काढतो. माझ्या पुढच्या बाकावर पदर डोक्यावरून घेऊन बसलेल्या एक बाईही तो गाढव बघायला मागे वळल्या.

ती आई होती.

आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. ती सकाळी घरातून निघाली होती ती बरकतपुऱ्याला भजनाला जाते म्हणून.

"तुझी बॅच?" ती हळूच म्हणाली.

"तुझं भजन?"

एवढ्यात कंपाउंडर पुन्हा म्हणाला, "राव साब नहीं है तो आगे चलो. सावित्रम्मा!"

आई जागची हलली नाही. मग तिच्या लक्षात आलं, आणि माझ्याही. ती उठली. मी उठलो. कंपाउंडरनं आम्हा दोघांकडे बघितलं आणि म्हणाला, "दोनों एक साथ जाओ, टाइम बचेगा."

डॉक्टर बाई तेलुगू होत्या, पण आमच्या हैदराबादी हिंदीत बोलायच्या. त्यांनी आधी आईला खुर्चीत बसवलं. आईनं अंबाडा सोडला. त्यातून हातभर लांबीचं गंगावन सुटून तिच्या मांडीवर पडलं आणि तिच्या खऱ्या केसांचा अंबाडा म्हणून जे उरलं, ते एका लिंबाएवढं होतं. भांग तर बोटभर रुंद झालेला. मी त्या घरात सव्वीस वर्षं राहत होतो. रोज सकाळी तिच्या अंबाड्यावर गजरा बघत होतो. त्याखाली काय आहे हे मी कधी बघितलंच नव्हतं.

"कब से?" बाईंनी विचारलं.

"चार-पाच साल," आई म्हणाली, आणि माझ्याकडे न बघता पुढे म्हणाली, "लड़के के पहले से."

बाईंनी भिंग लावून तिची टाळू तपासली, मग माझी. रक्ताच्या तपासण्या लिहून दिल्या, आईला थायरॉइड आणि रक्त कमी आहे का बघायला. मग त्यांनी कारणं विचारली आणि आम्ही दोघांनी मिळून जी यादी सांगितली ती ऐकून त्यांनी पेन खाली ठेवलं. बोअरचं पाणी, पुडी, गरमी, हेल्मेट.

"सब खाली बातां," त्या म्हणाल्या. "ये खानदान से आता. उम्र के साथ बढ़ता. मर्द का सामने से और ऊपर से जाता, औरत का मांग में से पतला होता. चीज एकीच है."

"खानदान म्हणजे मामाकडून ना?" मी विचारलं. (इतक्या वेळा ऐकून पाठ झालेलं होतं.)

"कौन बोला? माँ की तरफ से बी आता, बाप की तरफ से बी आता. दोनों तरफ से थोड़ा थोड़ा बी आता. तुम्हारे अब्बा की तरफ किसका गया?"

"कोणाचेच नाहीत," मी म्हणालो.

मी आईकडे बघितलं. ती गंगावन घडी करून पिशवीत ठेवत होती आणि ते काही केल्या पिशवीत जात नव्हतं.

बाईंनी आम्हा दोघांना बाजारात नवीनच आलेलं एक पाण्यासारखं औषध लिहून दिलं. दोघांची ताकद वेगळी, बाटल्या दिसायला एकसारख्या. रोज लावायचं, महिनोन्महिने लावायचं. लावत राहिलं तर जे आहे ते बरंचसं टिकेल, काही परत येईल, सोडलं की पुन्हा आपल्या वाटेला. "जादू नहीं है," त्या म्हणाल्या. "जो है उसको संभालो." मग कागदांकडे बघून हसल्या. "ठीक है सावित्रम्मा. ठीक है राव साब."

बाहेर येऊन आम्ही एका इराण्याच्या हॉटेलात बसलो. आईला मी पहिल्यांदाच अशा हॉटेलात घेऊन गेलो होतो. चहा बशीत ओतून ती म्हणाली, "घरी बोलू नकोस."

"अगं, पण त्यात काय?"

"त्यात काय म्हणजे? मामाचं टक्कल, तुझं टक्कल, आणि वर माझे पण गेले म्हटल्यावर काय राहिलं? ते गणितच मांडतील. तीन उदाहरणं पुरतात त्यांना."

मी चहात बिस्कीट बुडवलं आणि विचारलं,

"आणि अण्णांच्या बाजूला खरंच कोणी नाही?"

आईनं बशी खाली ठेवली. "ते मला विचारू नकोस. मी शब्द दिलाय." आणि तिनं बशी पुन्हा तोंडाला लावली.

बाटल्या आम्ही स्वयंपाकघरात लोणच्याच्या बरण्यांमागे ठेवल्या. आठवडाभर सगळं छान चाललं. अण्णा फिरायला गेले की आम्ही दोघं तिथे उभे राहून एकमेकांच्या डोक्याला औषध लावायचो. आठव्या दिवशी अण्णा लोणचं काढायला गेले (ते स्वतः कधी काही काढून घेत नाहीत, त्या दिवशीच त्यांना स्वावलंबन सुचलं) आणि हातात बाटली घेऊन बाहेर आले. त्यावरची इंग्रजी अक्षरं मुंगीएवढी. चष्मा दुसऱ्या खोलीत.

"अगं, हे काय?"

मी तोंड उघडलं. माझ्या आधी आई म्हणाली, "गुडघ्याचं औषध आहे. तुमच्याचसाठी आणलं."

अण्णांचे गुडघे चार वर्षं दुखत होते. तिनं आपल्यासाठी न सांगता औषध आणावं याचं त्यांना इतकं बरं वाटलं, की त्यांनी तिथेच पायजमा वर केला आणि चोळायला सुरुवात केली. त्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ. इतक्या नेमानं मी कोणालाच कुठलं औषध लावताना पाहिलं नाही. एक बाटली संपली, त्यांनी दुसरी घेतली. दुसरी संपली, तर आईला म्हणाले, आणखी आण. आता आणलं नाही तर का म्हणून विचारतील, आणि आणलं तर तेही गुडघ्यालाच जाणार. तीन महिने आमच्या घरात केसांच्या औषधाचा खप जोरात होता आणि आमच्या दोघांच्या डोक्याला त्यातला थेंबही मिळत नव्हता.

गुडघे मात्र सुधारले. रोज दोन वेळा इतकं चोळल्यावर सुधारणारच. शिवाय आणखी एक फरक पडला. एके सकाळी अण्णांनी मला हाक मारली आणि पाय पुढे केला.

"हे बघ. गुडघ्यावर कसे दाट केस आलेत. रक्त खेळायला लागल्याचं लक्षण."

मी बघितलं. खरोखर दाट आणि काळेभोर. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि अण्णांना वाटलं ते त्यांच्या तब्येतीसाठी.

तेवढ्यात बरकतपुऱ्याचं स्थळ आलं. मुलीचं नाव वैजयंती. औषधशास्त्र शिकलेली, बालानगरला एका औषधाच्या कारखान्यात माल तपासायच्या खात्यात नोकरीला. हे ऐकून मला बरं वाटलं, शिकलेली मुलगी आहे म्हणून. त्यातला धोका माझ्या लक्षात यायला हवा होता.

आम्ही रविवारी सकाळी गेलो. मी डाव्या कानाच्या वरून निघालेले केस उजव्या कानापर्यंत नेऊन तेलानं चिकटवले होते. आईनं गंगावनावर दुप्पट गजरा माळला होता. अण्णांच्या डोक्याला काही करायची गरजच नव्हती. मुलीचे आई-वडील अगदी साधे. आजोबा, त्यांना सगळे तात्या म्हणत, ऐंशीच्या पुढचे, आरामखुर्चीत बसून होते. मी दारातून आत शिरलो तसे ते माझ्याकडे टक लावून बघायला लागले, ते बघतच राहिले. माझा हात आपोआप डोक्याकडे गेला. पंख्यानं एक पदर उचलला होता.

वैजयंती पोहे घेऊन आली, बसली. मी तिला विचारलं, "कारखान्यात काय तपासता?" ती म्हणाली, "जे बाटलीवर लिहिलंय तेच आत आहे का, ते." मी हसलो. आई हसली नाही.

तिच्या वडिलांनी सहज सांगितलं, "तात्यांना गुडघ्याचा फार त्रास. नाहीतर ते दारापर्यंत आले असते तुम्हाला घ्यायला."

अण्णा एकदम उजळले.

"मग माझं ऐका," ते म्हणाले आणि त्यांनी सदऱ्याच्या खिशातून बाटली काढली. बरोबर घेऊन आले होते. प्रवासात एखादी वेळ चुकू नये म्हणून. नल्लकुंट्याहून शेजारच्या बरकतपुऱ्याच्या प्रवासात. "हिनं आणलंय मला. तीन महिन्यांत जिने चढायला लागलो."

"अहो, राहू द्या ना," आई म्हणाली.

"का राहू द्या? चांगली गोष्ट दुसऱ्याला सांगू नये का?"

तात्यांनी बाटली घेतली, लांब धरली, जवळ धरली आणि नातीकडे दिली. "वैजू, वाच ग काय लिहिलंय."

वैजयंतीनं वाचलं. एकदा वाचलं, मग पुन्हा वाचलं. मग तिनं अण्णांच्या भरघोस डोक्याकडे बघितलं, माझ्या चिकटवलेल्या पुलाकडे बघितलं आणि शेवटी आईच्या गजऱ्याकडे. तेवढ्या वेळात तिला सगळं समजलं असावं, कारण तिनं फार जपून विचारलं, "काका, हे तुम्ही गुडघ्याला लावता?"

"रोज दोन वेळा."

"आणि काही फरक?"

"फरक?" म्हणत अण्णांनी, अजून होकार न दिलेल्या व्याह्यांच्या दिवाणखान्यात, पँट गुडघ्यापर्यंत वर घेतली.

सगळ्यांनी बघितलं. न बघणं शक्यच नव्हतं. वैजयंतीच्या आईनं पदर तोंडाला लावला.

"काका," वैजयंती म्हणाली, "हे औषध केसांचं आहे. डोक्याला लावायचं."

अण्णा पँट वर धरूनच थांबले. त्यांच्या डोक्यात पायऱ्या मांडल्या जाताना मला दिसत होत्या. मला केस आहेत. औषध केसांचं आहे. म्हणजे घरात ते माझ्यासाठी आलेलं नाही. मग कोणासाठी? त्यांची मान माझ्याकडे वळली. मी सगळं अंगावर घ्यायला सरसावलो, कारण त्या वेळी तरी मुलगा म्हणून काही करावं असं मला वाटलं. पण आई आधी बोलली.

"एक बाटली त्याची होती. एक माझी." तिनं गजऱ्याला हात लावला. "माझे पण विरळ झालेत. चार-पाच वर्षं झाली. हे गंगावन आहे."

अनोळखी माणसांच्या घरात, मुलाच्या लग्नाचं बोलणं चाललेलं असताना, तिनं हे सांगितलं. आवाज हलला नाही तिचा. मीच खाली बघत होतो.

अण्णांना खरं तर वाईट वाटलं होतं. ते चेहऱ्यावर दिसत होतं. पण नेहमीची सवय तोंडातून आधी बाहेर पडली. "तुझे पण? म्हणजे हे सगळं तुझ्या माहेराकडूनच..."

"मास्तर," आरामखुर्चीतून तात्या म्हणाले, "तुमचे वडील तहसीलदारसाहेब ना? शेरवानी, मोठ्या मिशा?"

"हो," अण्णा म्हणाले. "तुम्ही ओळखत होता?"

"मी त्यांच्याच कचेरीत कारकून म्हणून लागलो. एकोणीस वर्षांचा होतो. उन्हाळ्यात दुपारी जेवण झालं, की साहेब आतल्या खोलीत जायचे आणि मला बोलवायचे. टोपी काढायचे. मी रुमाल पाण्यात भिजवून त्यांच्या डोक्यावर ठेवायचो. हे माझं पहिलं सरकारी काम." तात्यांनी दोन्ही हात गोल करून दाखवले, मोठं भांडं दाखवावं तसे. "एक केस नव्हता, मास्तर. संगमरवर. कोणाला बोलू नकोस म्हणाले होते, मी कधी बोललो नाही. पण आता साहेब जाऊन जमाना झाला, आणि हा मुलगा दारातून आत आला तेव्हा मला वाटलं, साहेबच आले. दुपारचे साहेब."



अण्णांनी पँट हळूहळू खाली सोडली. "त्यांचे केस शेवटच्या आजारात गेले होते," ते म्हणाले. "विषमज्वरानं. मी बघितलं होतं. आम्ही शिकायला हैदराबादला होतो, ते जिल्ह्याला. सुटीत भेटायचो तेव्हा मान वर करून बघायची आमची हिंमत नव्हती. शेवटी बघितलं तेव्हा मला वाटलं, तापानं गेले."

"मी लागलो तेव्हाच नव्हते," तात्या शांतपणे म्हणाले. "तुमचा तेव्हा जन्म पण नव्हता."

मग अण्णा आईकडे वळले. "तुला माहीत होतं?"

"लग्न झाल्यावर महिन्याभरात. पाणी द्यायला गेले तर मामंजी टोपी काढून बसलेले. म्हणाले, सूनबाई, हे आपल्या दोघांत राहू दे. मी हो म्हटलं."

"आणि मी उठता-बसता वसंताचं नाव घेत होतो."

"घेत होतात."

"एकदा तरी सांगायचंस."

"शब्द दिला होता," आई म्हणाली. जणू यापलीकडे सांगण्यासारखं काही नव्हतंच.

 अण्णांनी पोह्यांची बशी उचलली, आपल्या बशीतली लिंबाची फोड आईच्या बशीत ठेवली, आणि म्हणाले, "सिद्धता चुकली माझी." पस्तीस वर्षांत कुठल्याच विद्यार्थ्यानं त्यांच्या तोंडून हे वाक्य ऐकलं नसणार.

त्याच दिवशी परत येताना त्यांनी मला एसटीडी बूथवर नेलं आणि परभणीला फोन लावला. लाइन खराब होती, त्यामुळे सगळ्या नल्लकुंट्याला ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, "वसंता, ते केसांचं तुझ्यामुळे नव्हतं. निदान एकट्या तुझ्यामुळे नव्हतं."

पलीकडे मामा घाबरला. रविवारी, इतक्या लांबून, दाजींचा स्वतःहून फोन. "दाजी, कोण गेलं?" तो म्हणाला. "खरं सांगा." त्याला समजवायला अण्णांना आठ मिनिटं लागली, आणि समजल्यावर तो जे हसला ते मला बूथच्या काचेबाहेरही ऐकू आलं.

आम्ही घरी येऊन स्थळाची आशा सोडून दिली. मुलाचं टक्कल, आईचं गंगावन आणि वडिलांचे गुडघे, एवढं सगळं एका बैठकीत बघितल्यावर कोण होकार देईल? चौथ्या दिवशी होकार आला. बरोबर वैजयंतीच्या अक्षरात आईसाठी एक चिठ्ठी होती, तिचं औषध कसं आणि किती लावायचं, आणि ते अण्णांपासून कुठे ठेवायचं याची.

लग्नानंतर कितीतरी वर्षं मी मनातून फार खूश होतो. सगळं उघड्यावर आलेलं असताना, पंख्यानं पूल उडालेला असताना, हिनं मला पसंत केलं. माझ्यात नक्कीच असं काही असणार, जे केसांवर अवलंबून नाही. माझे उरलेले केसही गेले, पण हा विचार मी जपून ठेवला. मागच्या वर्षी एकदा सहज तिला विचारलं, "त्या दिवशी तू माझ्यात नेमकं काय बघितलंस?"

ती निवडत असलेली मेथी खाली ठेवून विचारात पडली. खरंच आठवत होती.

"तुमच्याकडे मी नीट बघितलंच नव्हतं," ती म्हणाली. "त्या घरात मला सासू आवडली."

"आणि मी?"

"तुम्ही त्यांच्याबरोबर आला होतात."